फोटोतले घर आपल्या घरात आणताना: मोजमापापासून सुतारापर्यंत

घराचे काम काढायचे ठरले की मोबाइलमध्ये फोटो जमू लागतात. दोन-तीन महिन्यांत दीडशे-दोनशे सहज साठतात. मग सुतार येतो, त्याच्यापुढे ते भराभर सरकवले जातात आणि तो प्रत्येक फोटोला ‘होऊन जाईल’ म्हणतो. काम पुरे झाल्यावर घरातली माणसे म्हणतात, फोटोत होते तसे काही आले नाही. अशा वेळी दोष क्वचितच सुताराचा असतो. आधी फोटो, मग पसंती, मग खरेदी आणि सर्वांत शेवटी मोजमाप, या उलट्या क्रमाने काम बिघडते. पुढील टप्पे इमारतीतील एक किंवा दोन बेडरूमचा फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच करावेत.

१. एकही फोटो साठवण्याआधी घर मोजा

स्टीलची टेप, वही, पेन्सिल आणि टेपचे दुसरे टोक धरायला एक माणूस एवढे पुरते. प्रत्येक खोलीचा ओबडधोबड नकाशा काढून त्यावर लांबी, रुंदी आणि उंची लिहावी. मापे फूट-इंचांत घेतलीत तरी चालेल, पण सुतार सुतात बोलतो (एका इंचाचे आठ सूत), म्हणून जिथे कपाट बसायचे आहे तिथले माप सुतापर्यंत घ्या. भिंतीची लांबी एकदा जमिनीलगत, एकदा कमरेच्या उंचीवर आणि एकदा छताजवळ मोजावी. आपल्याकडे भिंत अगदी ओळंब्यात आणि कोपरा नेमका गुण्यात असणे हा योगायोगच असतो. तीन मापांत पाऊण इंचाचा फरक आला तर आश्चर्य वाटू देऊ नका, फक्त तो लिहून ठेवा.

लोक भिंती मोजतात आणि खरी अडचण करणाऱ्या गोष्टी विसरतात. खिडकीची जमिनीपासूनची उंची, दार कोणत्या बाजूला आणि किती उघडते, बीम खाली किती उतरली आहे, स्विचबोर्ड, एसीचे भोक, पंख्याचा हूक, गॅसची नळी, सांडपाण्याचा पाइप, हे सारे नकाशावर आले पाहिजे. नव्या इमारतींत राहत्या खोलीची उंची किमान पावणेतीन मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट असावी अशी राष्ट्रीय बांधकाम संहितेची अपेक्षा आहे. अनेक फ्लॅटमध्ये ती त्याहून फार जास्त नसते. फॉल्स सीलिंग त्यातले चार ते सहा इंच सहज खाते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तपासा: नकाशा घरातल्या दुसऱ्या माणसाला द्या आणि त्यावरून डायनिंग टेबल कुठे मावेल ते विचारा. त्याला खोलीत जाऊन पाहावे लागले तर नकाशा अपुरा आहे.

२. स्वतःच्या घराचे फोटो काढा

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून फोटो घ्या, तेही सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री आठ अशा तीन वेळांना. दिवाळीत आवरलेले घर नको, रोजचे हवे. वाळत घातलेले कपडे, खुर्चीवर पडलेली ओढणी, सोफ्याखाली सरकवलेला वजनकाटा, दाराशी चपलांचा ढीग, सगळे येऊ द्या.

त्यानंतर एक प्रयोग करा. ज्या फोनमध्ये ‘०.५’ असा, म्हणजे रुंद भिंगाचा, पर्याय आहे त्यातून हॉलचा एक फोटो घ्या आणि तिथेच उभे राहून दुसरा ‘१’ वर घ्या. पहिल्या फोटोत तुमचाच दहा फुटी हॉल चौदा फुटांचा भासेल आणि फोटोच्या कडेला आलेला सोफा ओढल्यासारखा लांब दिसेल. आता गुडघ्यांवर बसून, फोन जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर धरून तिसरा फोटो घ्या. बैठकी फर्निचर भारदस्त दिसू लागते आणि खोली शांत वाटते. घरांची व्यावसायिक छायाचित्रे साधारणपणे अशाच रुंद भिंगाने आणि अशाच उंचीवरून घेतलेली असतात. हे स्वतःच्या हॉलमध्ये एकदा पाहिले की मासिकातल्या खोल्या किती मोठ्या असतील याचा तुमचा अंदाज आपोआप कमी होतो.

३. फोटो गोळा करा, पण हिशेबाने

एका खोलीसाठी बारा फोटो, ही मर्यादा पाळा. तेरावा आवडला तर बारांपैकी एक काढून टाका. प्रत्येक फोटोखाली तो कोणत्या शहरातील आहे, घर राहते आहे की विक्रीसाठी सजवलेला नमुना फ्लॅट आहे, आणि मूळ फोटो कोणी काढला, एवढे मिळेल तितके लिहा. फोटो देऊन तो आणखी कुठे आहे ते शोधण्याची सोय शोधयंत्रांत असते. तिचा उपयोग केला तर पुष्कळदा त्याच खोलीचे आणखी चार-पाच कोन सापडतात, आणि ‘मोकळ्या’ खोलीची उरलेली बाजू कशी गच्च भरली आहे ते कळते.

सावधान: सध्या फिरणाऱ्या चित्रांपैकी बरीच छायाचित्रे नसतातच. काही ठेकेदारांनी संगणकावर बनवलेली त्रिमितीय चित्रे असतात, तर काही कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली. भिंतीवर एकही स्विच नाही, ड्रॉवरच्या फटी कुठेच जुळत नाहीत, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या तर वरच्या मजल्यापर्यंत पोहोचत नाहीत, टेबलाला तीनच पाय दिसतात, अशा खुणा आढळल्या तर ते चित्र रंगसंगतीपुरतेच ठेवा. त्यातले फर्निचर सुताराला दाखवू नका, कारण ते कोणीच कधी बनवलेले नाही.

४. फोटो वाचा

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. एका फोटोला पंधरा मिनिटे लागली तरी हरकत नाही.

आधी मापे. फोटोत जमिनीच्या टाइल दिसत असतील तर त्या मोजा. आपल्याकडे दोन बाय दोन फुटांची टाइल सर्रास असते. सोफ्याच्या लांबीत चार टाइल बसत असतील तर सोफा आठ फुटांचा. सोफ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत सात टाइल असतील तर अंतर चौदा फूट. रुंद भिंगामुळे जवळची टाइल मोठी आणि लांबची लहान दिसते, पण टाइलची संख्या भिंगाला बदलता येत नाही, म्हणून ही युक्ती भरवशाची आहे. टाइल मोठ्या आकाराच्याही असू शकतात, तेव्हा ताळा करून पाहा: खुर्चीची बैठक जमिनीपासून सुमारे १८ इंच, जेवणाचे टेबल ३० इंच, दार साधारण ७ फूट. दोन गोष्टींवरून आलेली मापे जुळली की आकडा नकाशाशेजारी लिहा. चौदा फुटांची रचना तुमच्या दहा फुटी हॉलमध्ये येणार नाही हे इथेच, एक रुपयाही खर्च न होता कळते.

उंचीकडे विशेष पाहा. पॅरिसमधील जुन्या इमारतींच्या खोल्यांचे फोटो फार फिरतात. तिथले छत तीन मीटरच्याही वर असते, म्हणून लांब साखळीचे झुंबर तिथे शोभते. तुमच्या नऊ फुटांतून सीलिंगचे सहा इंच गेले की तेच झुंबर डोक्याला लागते. ते फक्त जेवणाच्या टेबलावर टांगता येईल, कारण टेबलाच्या जागेतून कोणी चालत नाही.

मग उजेड. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड आणि करड्या चादरी असलेली उत्तर युरोपातील घरे आपल्याकडे पुष्कळांना भुलवतात. स्टॉकहोममध्ये डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर येतो, त्याच दिवशी पुण्यात तो सुमारे अठ्ठेचाळीस अंशांवर असतो आणि मेच्या मध्यावर तर थेट डोक्यावर. तिथला पांढरा रंग तुटपुंजा उजेड जपण्यासाठी असतो. आपल्या पश्चिमेच्या खिडकीसमोर तोच पांढरा रंग दुपारी तीननंतर डोळ्यांत जातो आणि चार महिन्यांत स्विचबोर्डाभोवती बोटांचे ठसे दाखवू लागतो. पांढरा लावूच नये असे नाही. पण तुमची भिंत कोणत्या दिशेला आहे ते आधी पाहा.

दिवे कसे लागले आहेत तेही बघा. खिडकीबाहेरची झाडे स्वच्छ दिसत आहेत, खोलीतला कोपरान् कोपरा उजळलेला आहे आणि शिवाय सगळे दिवेही लागलेले आहेत, तर तो फोटो वेगवेगळ्या उजेडात घेतलेल्या अनेक फोटोंची जोडणी असण्याची शक्यता मोठी. हे आजचे नाही. लॉस एंजेलिसवर तरंगणाऱ्या काचेच्या खोलीचा छायाचित्रकार ज्युलियस शुलमन यांनी १९६० मध्ये काढलेला जगप्रसिद्ध फोटोदेखील एकाच फिल्मवर दोनदा उजेड घेऊन केलेला आहे: शहराच्या दिव्यांसाठी दीर्घकाळ, खोलीतल्या माणसांसाठी क्षणभर. त्यात लबाडी काही नाही, पण त्या घरात राहणाऱ्यांच्या डोळ्यांना ते दृश्य तसे दिसत नव्हते.

शेवटी, फोटोत काय नाही ते लिहा. पंखा, एसीचा पाइप, वायफायचा डबा, सिलेंडर, पाण्याचा फिल्टर, मिक्सर, झाडू, फडके, कचऱ्याची बादली, औषधांचा डबा, देवघरातल्या समईखालचे ताट, पाहुण्यांच्या गाद्या. यांतली जी गोष्ट तुमच्या घरात आहे आणि फोटोत नाही, तिला जागा शोधणे हे तुमचे काम आहे. फोटोतली खोली त्या जागेच्या बदल्यातच मोकळी झालेली असते.

मी स्वतः इथे फसलो आहे. ओट्यावर बंद कपाटांऐवजी उघड्या लाकडी फळ्या आणि त्यांवर ओळीने काचेच्या बरण्या, असा एक फोटो मनात भरला होता. फळ्या ओट्यापासून वीस इंचांवर, शेगडीच्या अगदी उजव्या हाताला बसल्या. तिसऱ्याच आठवड्यात जिऱ्याच्या बरणीला बोट लावले तर ते चिकटले. रोजच्या फोडणीचे तेल, वर धूळ आणि त्यावर हळदीची पिवळी झाक. दर रविवारी बावीस बरण्या सोड्याच्या पाण्याने पुसण्याचे काम चार महिने केले आणि मग त्याच फळ्यांना दारे लावून घेतली. फोटो पुन्हा नीट पाहिला तेव्हा त्यात शेगडीच नव्हती.

५. फोटोचे एका वाक्यात रूपांतर करा

बारा फोटोंसाठी बारा वाक्ये लिहायची. साचा असा: ‘या फोटोत मला अमुक आवडते, ते तमुक कारणाने साधले आहे, आणि माझ्या घरात ते या जागी, या मापात येईल.’ ‘लूक छान आहे’ हे वाक्य धरायचे नाही.

उदाहरण घेऊ. मेक्सिको सिटीत लुईस बारागान या वास्तुकाराने १९४८ मध्ये बांधलेल्या स्वतःच्या घराचे फोटो पाहून लोक गुलाबी भिंत रंगवतात आणि मग ती भडक दिसते म्हणून कुरकुरतात. त्या घराच्या जिन्याशी सोनेरी वर्खाचा एक फलक आहे. वरून आलेला उजेड त्यावर आदळून खाली उतरतो आणि गुलाबी भिंतीवर पसरतो, म्हणजे रंगाचे अर्धे काम उजेडाने केलेले आहे. तेव्हा वाक्य असे होईल: ‘थेट न दिसणाऱ्या जागेतून आलेला उजेड रंगीत भिंतीवर पडतो. माझ्या पॅसेजमध्ये बाथरूमच्या दारावरच्या झडपेतून उजेड येतो, त्यासमोरची तीन फुटांची भिंत उबदार पिवळी करून पाहीन.’ गुलाबी रंग कुठेच आला नाही, तरी फोटोतले हवे ते मिळाले.

दुसरे उदाहरण जवळचे. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी लाकडी चौकटींत शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे बसवलेले असतात. त्यांतून येणारा उजेड दुधाळ असतो, ऊन टोचत नाही. हे पाहून शिंपल्यांच्या खिडक्यांचा शोध घेत फिरण्याचे कारण नाही. ‘पश्चिमेचे ऊन गाळून आत घ्यायचे’ एवढे वाक्य हाती आले की जाड्याभरड्या पांढऱ्या खादीचा अस्तर नसलेला पडदा तेच काम पुष्कळ स्वस्तात करतो.

तपासा: बारा वाक्यांपैकी निदान सात-आठ वाक्यांत एखादे अंतर, उंची, उजेड किंवा पोत आला पाहिजे. सगळीकडे वस्तूंचीच नावे असतील (अमुक खुर्ची, तमुक दिवा) तर ती खरेदीची यादी झाली आहे. टप्पा ४ पुन्हा करा.

६. गाळणी लावा

प्रत्येक वाक्याला पुढचे प्रश्न विचारा आणि एका जरी प्रश्नाला उत्तर नसेल तर ते वाक्य बाजूला ठेवा.

पावसाळ्यात त्याचे काय होईल? वेत आणि न रंगवलेले लाकूड कोकणपट्टीत किंवा मुंबईत जुलैमध्ये बुरशी धरते. समुद्राजवळ पितळी मुठी काळवंडतात, लोखंडी पाय गंजतात. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर तिच्यावर वॉलपेपर लावणे म्हणजे ओल झाकून वाढवणे होय. आधी बाहेरून गळती बंद करावी, भिंतीला एक पूर्ण उन्हाळा वाळू द्यावे, मग सजावटीचा विचार.

कोण पुसणार? घरातल्या त्या माणसालाच विचारा.

इमारत परवानगी देईल का? स्वयंपाकघर आणि हॉल एक केलेले फोटो आकर्षक असतात, पण मधल्या भिंतीत कॉलम किंवा बीम असेल तर तिला हात लावायचा नाही, आणि साधी विटांची भिंत काढायलाही सोसायटीचे लेखी पत्र आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. बाथरूम किंवा ओटा सरकवून तो खालच्या शेजाऱ्याच्या बेडरूमवर आणण्याचा बेत इथेच सोडून द्यावा.

माल कोणत्या मापात मिळतो? प्लायवुडचा पत्रा आठ बाय चार फुटांचा येतो. जमिनीपासून छतापर्यंत नऊ फुटांचे अखंड दार फोटोत दिसते, पण आपल्याकडे म्हणूनच सात फुटांचे कपाट आणि वर वेगळा माळा करतात. अखंड दिसणेच हवे असेल तर सांधा कुठे येईल ते आधी ठरवा. ओट्याखाली आणि बाथरूमजवळ आयएस (भारतीय मानक) ७१० चे पाणी सोसणारे प्लाय वापरा. आयएस ३०३ चे नेहमीचे प्लाय कोरड्या खोल्यांत ठीक आहे. शिक्का पत्र्यावर छापलेला असतो, तो कापण्यापूर्वी पाहून फोटो काढून ठेवा.

७. जमिनीवर आणि भिंतीवर करून पाहा

नकाशात बसणारी वस्तू घरात बसेलच असे नाही. रंगकामाची कागदी चिकटपट्टी आणून सोफा, पलंग, टेबल यांचे आकार जमिनीवर आखा. मोठा डबल बेड ७२ बाय ७८ इंचांचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निदान अडीच फूट वाट हवी. कपाटाची खोली २४ इंच धरा आणि त्याची दारे उघडतील तितकी जागा वेगळी आखा. दोन दिवस त्या रेघा न ओलांडता घरात वावरा. पहाटे अंधारात बाथरूमला जाताना ज्या रेघेवर पाय पडतो, तिथे उद्या अंगठा आपटणार आहे.

उंच वस्तूंसाठी जुन्या खोक्यांचे पुठ्ठे किंवा वर्तमानपत्रे जोडून भिंतीला लावा. फोटोत लहान वाटणारे वरचे कपाट डोळ्यांसमोर आले की किती अंगावर येते ते असे लगेच कळते.

रंगाची चाचणी शेडकार्डावर करू नये. तळहाताएवढ्या तुकड्यावर सौम्य दिसणारा रंग पूर्ण भिंतीवर गडद आणि भडक होतो. लहान डबा आणून दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, वाळू द्या आणि तो पुठ्ठा खोलीत निरनिराळ्या भिंतींना टेकवून टप्पा २ च्या तीन वेळांना पाहा. बल्ब आधी बदला, मग रंग ठरवा. फोटोतली उबदार खोली बहुधा २७०० ते ३००० केल्विनच्या (हे उजेडाच्या छटेचे माप, आकडा लहान तितका उजेड पिवळसर) दिव्यांत असते आणि आपल्या घरातली ट्यूबलाइट ६५०० ची. त्या निळसर पांढऱ्या उजेडात गडद हिरवी भिंत सरकारी दवाखान्यासारखी दिसते. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो.

सावधान: एकाच खोलीत ३००० आणि ६५०० चे दिवे एकत्र लावू नका. अभ्यासाला पांढरा उजेड हवा असेल तर टेबलावर ४००० चा वेगळा दिवा पुरतो.

८. सुताराला फोटो शेवटी दाखवा

वीजतंत्री आणि सुतार यांना पहिल्या भेटीत मापांचा नकाशा द्या, मग वाक्ये सांगा, आणि फोटो दाखवायचा तर एका कामासाठी एकच. त्या फोटोवर हवे तेवढ्याभोवती पेनाने गोल करा. संपूर्ण फोटो दिला की मिस्त्री त्यातला त्याच्या हाताला सरावाचा भाग उचलतो आणि तुम्हाला हवी होती ती बारीक फट किंवा मुठीशिवायचे दार तसेच राहते.

कामाचा क्रम असा ठेवा: फर्निचरच्या जागा पक्क्या, त्यावरून विजेचे पॉइंट, मग फोडकाम आणि पाइप, वॉटरप्रूफिंग, टाइल, सीलिंग, सुतारकाम, रंग, आणि अखेरीस दिवे व पडदे. सर्वांत महागात पडणारी चूक दुसऱ्या पायरीवर होते. पलंग कुठे येणार ते न ठरवता पॉइंट काढले जातात, आणि मग उशीमागे दडलेल्या सॉकेटपासून एक्स्टेंशनची वायर आयुष्यभर जमिनीवरून जाते.

लेखी कागदावर प्रत्येक वस्तूसमोर माप, प्लायची जाडी व प्रत, सनमायकाचा क्रमांक, बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या चॅनेलचा प्रकार लिहून घ्या. ‘फोटोप्रमाणे’ हा शब्द त्या कागदावर कुठेही येऊ देऊ नका, कारण वाद झाला तर प्रत्येकजण तोच फोटो दाखवून आपलेच खरे करतो. एक दार पूर्ण झाले, सनमायका लागला, मूठ बसली की बाकीची थांबवून ते दिवसा आणि रात्री दिव्यात पाहा, उघडून-मिटून बघा, आणि मगच पुढच्या दारांना हात लावायला सांगा.